'मला पगार पाहिजे' आणि 'दुकान वाढवतोय'

"मला पगार पाहिजे," ती दुसऱ्यांदा म्हणाली आणि आमच्या सासऱ्यांनी हातातली साखरेची पुडी तशीच खाली ठेवली.

आमचं किराणा दुकान नाशिकला त्र्यंबक रोडला आहे. जवळच सातपूरची औद्योगिक वसाहत, त्यामुळे कारखान्यांत वर्ष-दोन वर्षांसाठी आलेले परदेशी इंजिनियर गिऱ्हाईक म्हणून येतात. योग शिकायला आलेली मंडळीही येतात. ही मुलगी योगासाठी आलेली, ब्राझीलची. महिनाभरात तिने 'मला', 'पाहिजे', 'किती' आणि 'नको' एवढी मराठी जमवली होती. डाळ, तांदूळ, मेणबत्त्या घेऊन झाल्या, तिने पाकीट उघडलं आणि पगार मागायला लागली. सासरे म्हणाले, "अगं ताई, इथे नोकरी नाही. आम्ही घरचेच सगळे बसतो." तिने नोटा पुढे केल्या आणि आणखी जोरात म्हणाली, "पगार! पगार!" पैसे देणारं माणूसच पगार मागतंय, हे कोडं मोबाइलवर शब्द शोधल्यावर सुटलं. पोर्तुगीजमध्ये 'पगार' म्हणजे पैसे देणे, चुकते करणे. शेवटचा 'र' ती जवळजवळ गिळत होती, पण शब्द तोच. तिला म्हणायचं होतं, मला पैसे द्यायचेत.

यात तिचं काहीच चुकलं नव्हतं. शब्द तिच्याच घरचा, आपण तो उचलून आणला आणि त्याची बाजू बदलली. तिच्याकडे ते देणाऱ्याचं क्रियापद आहे. आपल्याकडे ते घेणाऱ्याच्या हातात पडणाऱ्या रकमेचं नाव झालं. म्हणून आपण 'पगार झाला का?' असं विचारतो. देणारा मालकही 'पगार केले' असं सहसा महिनाअखेरीलाच म्हणतो, आणि त्या एका वाक्यात मूळ क्रियापदाची सावली मला अजून दिसते.

घाटाखाली वसईला पोर्तुगीज १५३४पासून होते, ते १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेईपर्यंत. दोनशे वर्षांत माणसं आली नि गेली, शब्द मात्र घाट चढून आमच्या दुकानाच्या फळ्यांवर येऊन बसले. त्या दिवशी गिऱ्हाईक कमी होतं, म्हणून मी तिला दुकान फिरवून दाखवलं. बटाटा तिने लगेच ओळखला. टांगलेली बादली दाखवली तर ती म्हणाली 'बाल्दी'. गल्ल्याची चावी दाखवली, 'शावी'. मागच्या अंगणात सिमेंट कालवायचं लोखंडी घमेलं पडलं होतं, ते बघून तर तिने टाळ्या वाजवल्या. तिच्या आजीकडे 'गामेला' लाकडाचं असतं म्हणे, एका ओंडक्यातून कोरलेलं. अननसाशी मात्र ती अडखळली. तो शब्द तिला माहीत होता, पण रोजच्या बोलण्यात त्यांच्याकडे 'अबाकाशी' म्हणतात. अननस जास्त करून पोर्तुगालच्या लोकांच्या तोंडी.

पावाची गंमत निराळी. तिने पोऱ्याकडे 'पाव' मागितला, तर तो विचारतोय, "पाव काय? साखर, डाळ, शेंगदाणे?" खायचा पाव पोर्तुगीजांचा आणि वजनातला पाव आपला, संस्कृत 'पाद' म्हणजे चौथा हिस्सा, त्यातून आलेला. एका काउंटरवर दोन खंडांचे दोन शब्द समोरासमोर उभे राहतात आणि आपल्याला त्याचं काहीच वाटत नाही, कारण आपल्याला वाक्य पुरतं कळलेलं असतं. तिला ते वाक्यच नव्हतं, नुसता शब्द होता.

आणि पेरू! कोपऱ्यावरच्या हातगाडीवाल्या भाऊंनी तिला मोठ्या आग्रहाने म्हटलं, "पेरू घ्या ताई, कापून मीठ-तिखट लावून देतो." ती दोन पावलं मागे सरली. ब्राझीलमध्ये 'पेरू' म्हणजे टर्की पक्षी, नाताळात भाजून खातात तो. शाकाहारी योगशाळेत राहणाऱ्या मुलीला रस्त्यावर कुणी पक्षी कापून मीठ लावून देतो म्हणतंय! पेरूच्या फळाला तिकडे 'गोयाबा' म्हणतात. आपला 'पेरू' बहुधा पोर्तुगीज 'पेरा'वरून, म्हणजे नाशपातीवरून, आला असं मानतात. आकार बघितला तर पटतं. भाऊंनी शेवटी एक फोड तिच्या हातावर ठेवली, तेव्हा तिने आधी तिचा वास घेतला, मग डोळे मिटून खाल्ली.

काजूच्या बाबतीत मात्र मला स्वतःलाच नवीन कळलं. ती म्हणाली 'काजू', मी पाव किलो तोलले. तिने मान हलवली आणि ग्लास तोंडाला लावल्याची खूण केली. ब्राझीलमध्ये 'काजू' म्हणजे अख्खं फळ, ज्याचा रस घरोघरी पितात. बी वेगळी, तिला ते 'काजूची कास्तान्या' म्हणतात. शब्द मूळ तिथल्या तुपी लोकांचा, झाडही तिथलंच. झाड पोर्तुगीजांनी इथे आणलं, त्याच्याबरोबर शब्द आला आणि आपण तो फळावरून काढून बीला चिकटवला. मग फळाला नाव उरेना म्हणून कोकणात त्याला बोंडू म्हणायला लागले. नाशिकमध्ये बोंडू कुठून मिळणार? तिला मी लिंबू सरबत करून दिलं.

जर्मन इंजिनियरची गोष्ट घड्याळाची आहे. पिठाची गोणी आणि तेलाचा डबा घरी पोचवायचा होता. फोनवर तो म्हणाला, "अर्धा चार." आमचा पोऱ्या साडेचारला गेला, दाराला कुलूप. हा माणूस साडेतीनपासून वाट बघून कामावर निघून गेलेला. दुसऱ्या दिवशी दोघंही एकमेकांवर रुसलेले. जर्मनमध्ये साडेतीनला 'हाल्प फिअर' म्हणतात, म्हणजे चौथा तास अर्धा झाला. त्याने ते शब्दशः उचलून आमच्यापुढे ठेवलं होतं.

मी हे आमच्या गल्लीतल्या निवृत्त संस्कृतच्या सरांना सांगितलं आणि ते खुर्चीतून उठूनच बसले. म्हणाले, "तो तर शुद्ध मराठी बोलला!" त्यांनी माझ्याकडच्या बिलाच्या पाठीवर लिहून दाखवलं. अडीच हा शब्द 'अर्धतृतीय'वरून आला. दोन पूर्ण आणि तिसरा अर्धा. प्राकृतात त्याचं अड्ढाइज्ज झालं, मग आपलं अडीच. दीड म्हणजे 'द्व्यर्ध', दुसरा अर्धा. आणि 'अर्धचतुर्थ', म्हणजे चौथा अर्धा, याचं झालं औट. साडेतीन! जर्मन माणसाचा 'अर्धा चार' म्हणजे आपलं औट, अक्षर न् अक्षर. जर्मनमध्येही दीडला 'दुसरा अर्धा' अशाच घडणीचा शब्द आहे, आणि अडीचसाठी 'ड्रिट्टेहाल्प', तिसरा अर्धा, असा जुना शब्द होता. तो आता मागे पडला.

आपल्याकडे साडेतीनच्या पुढे हिशोबाची रीतच बदलते. साडे म्हणजे 'सार्ध', अर्ध्यासह. साडेचारमध्ये चार पूर्ण धरून वर अर्धा मिळवायचा, अडीचमध्ये मात्र तिनाच्या अर्ध्यावर थांबायचं. दोन उलट रीती आपण एकाच तागडीत रोज वापरतो. सव्वा 'सपाद', पाऊण 'पादोन', त्याही अशाच. औट मात्र बाजारातून गेला. संतवाङ्मयात देहाला औट हात म्हटलंय तिथे तो भेटतो, आणि आमच्या सासऱ्यांच्या तोंडी. त्यांना औटकी, म्हणजे औटाचा पाढा, पाठ आहे. दोनाचे सात, तिनाचे साडेदहा, चाराचे चौदा, एका दमात वीसपर्यंत जातात. त्या इंजिनियरला मी हे सगळं समजावलं तेव्हा सासऱ्यांनी त्याच्यासमोर औटकी म्हणून दाखवली. त्याने ती मोबाइलवर रेकॉर्ड करून घेतली. माझ्याकडे ती नव्हती, म्हणून नंतर त्याच्याकडूनच मागून घेतली.

काही घोळ लहानसे असतात, पण ते जवळपास रोज होतात. 'सुट्टे नाहीत' याऐवजी 'सुट्टी नाही' हे तर नेहमीचंच. दोन्ही 'सुटणे'ची लेकरं आहेत, नोट सुटते आणि माणूसही सुटतो. शेजारच्या शिंपीकाकांचं 'परवा' परदेशी माणसांना फार छळतं. 'परवा या' आणि 'परवा देऊन टाकलं' यात परवा एकच, दिवस दोन, आणि फरक सगळा क्रियापदात. मीठही तसंच. पेठ तालुक्यातून नवीनच आलेल्या आमच्या पोऱ्याकडे लखनौच्या एका बाईंनी 'कुछ मीठा' मागितलं, त्याने मिठाची पिशवी काढून दिली. मिष्ट म्हणजे चवदार, गोड. त्याचं हिंदीत गोड झालं आणि मराठीत खारट. उलट आपलं 'गोडं तेल'. गोडं म्हटलं की साखर असणार म्हणून त्या इंजिनियरच्या बायकोने दोन महिने आमच्याकडून तेल घेतलंच नाही.

गंगेबद्दल मात्र थोडं थांबून सांगते, कारण हे आम्हा नाशिककरांच्या रोजच्या बोलण्यातलं आहे. "बुधवारी गंगेवर बाजार भरतो, तिथे ताजी भाजी मिळेल," असं मी लखनौच्या त्याच बाईंना म्हटलं. त्यांनी नकाशा उघडला, वाराणसी काढली आणि माझ्याकडे काळजीने बघितलं. गोदावरी ब्रह्मगिरीला त्र्यंबकेश्वरी उगम पावते, रामकुंडावरून पुढे जाते, पुस्तकात आणि पाटीवर ती गोदावरीच. पण बोलताना नाशिकमध्ये कुणी गोदावरीवर जात नाही, गंगेवर जातं. पूर आला तरी 'गंगेला पूर'. दक्षिणेची गंगा म्हणून हे नाव आहे हे खरं, पण घरातली म्हातारी माणसं ते उपमा म्हणून वापरत नाहीत. त्यांच्या लेखी हीच गंगा.

आता वाढवणे. याच बाईंनी मराठीचा चांगला अभ्यास केला आहे, वहीत शब्द लिहून ठेवतात. एकदा रात्री साडेनऊला त्या आल्या, शटर अर्धं खाली होतं, सासरे देवापुढची उदबत्ती बघत होते. "या, या, पण लवकर, दुकान वाढवतोय," ते म्हणाले. बाईंनी सामान घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फुलांचा गुच्छ घेऊन हजर! अभिनंदन म्हणाल्या, आणि विचारलं की भिंत कुठली पाडणार? शेजारचा गाळा घेतला का? सासऱ्यांना काही कळेना. मग मला कळलं आणि मी त्यांना सांगायला गेले तर त्यांनी फार नेमका प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, "जेवण वाढता तेव्हा ताट भरतं. दुकान वाढवता तेव्हा बंद होतं. नारळ वाढवता तेव्हा फुटतो. हे एकच क्रियापद कसं?"

आपण दिवा विझवत नाही, वाढवतो. बांगडी फुटली म्हणत नाही, वाढवली म्हणतो. मंगळसूत्र तुटलं तरी वाढलं. दुकान बंद झालं हे शब्द ज्याच्या पोटापाण्याचं दुकान आहे त्याच्या तोंडून निघू नयेत, म्हणून उलट टोकाचा शब्द धरायचा. निघताना आपण 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो, तशातलंच. हिंदीतही दुकान 'बढ़ाना' आणि दिया 'बढ़ाना' आहेच.

सरांचं म्हणणं वेगळं आहे. संस्कृत धातुपाठात 'वर्ध' या धातूचे तोडणे आणि भरणे असे दोन्ही अर्थ दिले आहेत. सुताराला 'वर्धकि' म्हणतात तो त्यातूनच, हिंदीतला बढ़ई त्याचाच. मग नारळ वाढवणे म्हणजे सरळ फोडणे, त्यात आडपडदा काहीच नाही. नारळापुरतं मला हे पटतं. पण दिवा तोडत नाहीत आणि दुकानही तोडत नाहीत, म्हणून तिथे शुभ बोलण्याचीच रीत असावी असं माझं मत. कदाचित तोडण्याचा जुना अर्थ विसरला गेला आणि लोकांना फक्त वृद्धीच ऐकू येऊ लागली, म्हणून तोच शब्द पुढे दिव्याला आणि दुकानाला लागला. सर हे मान्य करत नाहीत. आमचा वाद दोन आठवडे चालू आहे.

माझा मुलगा 'क्लोज करतो' म्हणतो. कॉलेज रोडच्या दुकानांत बहुतेक पोरं तसंच म्हणतात. सासरे त्याला दर वेळी टोकतात, आणि तो दर वेळी 'बरं, वाढवतो' म्हणून शटर ओढतो.

मला विचारायचं आहे ते हे. येवला, लासलगाव, मालेगाव, सटाणा या बाजूच्या जुन्या दुकानदारांच्या घरात अजून 'वाढवणे'च चालतं की 'आवरणे' म्हणतात? खानदेशात अहिराणीत यासाठी वेगळा शब्द आहे का? आणि कुणाच्या घरी औटकी पाठ असलेलं माणूस असेल तर वीस औटे सत्तरपर्यंतची त्यांची चाल रेकॉर्ड करून ठेवा. आमच्या सासऱ्यांची चाल सोळापाशी बदलते. ती नाशिकची आहे की त्यांच्या एकट्याची, हे मला ताडून बघायचं आहे.