मदत हवी आहे: आईचा विसराळूपणा वाढलाय, संभाजीनगरात न्यूरोचा चांगला डॉक्टर सांगा

जालना_एमआयडीसी
आईला विसरायला होतंय आणि झपाट्यानं वाढायलंय. संभाजीनगरात न्यूरोचा चांगला डॉक्टर कोण आणि नंबर कसा लावायचा, एवढंच सांगा. शनिवारी सुट्टी आहे, त्याच दिवशी नेणार. घरगुती उपाय नकोत, सगळे करून झालेत.

गोदाकाठ
वय किती? शुगर-बीपी? कधीपासून? कुठं पडल्या-झडल्या होत्या का? डोक्याला साधा मार लागला तरी म्हाताऱ्या माणसाच्या मेंदूवर कधी कधी हळूहळू रक्त साचतं आणि नंतर असंच दिसतं.

जालना_एमआयडीसी
७१. बीपीची गोळी चालू. शुगर काठावर. पडली नाही. दसऱ्यापासून जास्त. डॉक्टरचं नाव?

अण्णा_लातूर
शंखपुष्पी आणि ब्राह्मी चालू करा. रात्री बदाम भिजत घाला, सकाळी सोलून दुधात. आमच्या सासऱ्यांची स्मृती आता माझ्यापेक्षा चांगली आहे. सोबत हरिपाठ.

जालना_एमआयडीसी
वर काय लिहिलंय ते वाचा की अण्णा.

सिस्टर_अंबाजोगाई
"विसरतात" म्हणजे नेमकं काय होतंय, एखादा प्रसंग सांगा. आणि जेवण, झोप कशी आहे?

जालना_एमआयडीसी
रात्री बाथरूमला उठते आणि स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन कडी चाचपत उभी राहते. त्या दाराला कडीच नाही. नातवाला माझ्या नावानं हाक मारते. परवा चहात मीठ. जेवण अर्धी भाकर. पण गंमत बघा, ७२ च्या दुष्काळात खडी फोडायला जायची ते मुकादमाच्या नावासकट सांगते, सुकडी कशी मिळायची तेही. येळवशीला भज्जीत काय काय पडतं हे सुनेला सगळं बरोबर सांगितलं. म्हणून मला कळत नाही हा आजार आहे का नुसतं वय.

गोदाकाठ
जुनं आठवतं म्हणून निर्धास्त राहू नका. आधी बिघडतं ते नवं साठवून ठेवणं. पन्नास वर्षांपूर्वीचं लख्ख आणि सकाळचं पुसलेलं, हे स्मृतिभ्रंशाच्या आजारात अगदी नेहमीचं. पण ती कडी कोणत्या दाराची? गावाकडच्या घराला तशी आहे का?

जालना_एमआयडीसी
हो, गावाकडं परसात जायच्या दाराला होती. पण सध्या ती माझ्याकडे फ्लॅटमध्ये आहे.

सिस्टर_अंबाजोगाई
सध्या म्हणजे?

जालना_एमआयडीसी
दोन महिने माझ्याकडे, दोन महिने धाकट्याकडे सेलूला. वाटण्या झाल्या तेव्हा तसंच ठरलं. मी न्यूरोचं नाव विचारलं, वंशावळ नाही.

वकील_साहेब_परभणी
वाटणीपत्र नोंदणीकृत आहे का? आईच्या नावचं क्षेत्र मुलांना बक्षीसपत्रानं दिलं असेल तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३ बघा. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळलं नाही तर व्यवहार रद्द करून घेता येतो. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांकडच्या न्यायाधिकरणात.

जालना_एमआयडीसी
साहेब, मी मुलगाच आहे. माझ्यावरच केस करायला सांगायलेत का?

कडक_बोल
आईची पाळी लावली आणि वर विचारायलेत विसरते का म्हणून. आजकालच्या सुना घरात म्हातारं माणूस ठेवत नाहीत, हे खरं कारण.

सेलूची_सून
आलं! घरात काहीही होवो, सुनेवर. माझी सासू पाच वर्षं अंथरुणावर होती. लेकानं एकदा तरी पाठ पुसली का विचारा. मुद्द्याचं बोला नाहीतर गप बसा.

सिस्टर_अंबाजोगाई
भांडणं बाजूला ठेवा. वडील आहेत का?

जालना_एमआयडीसी
पोळ्याच्या आसपास गेले. मग वाटण्या. गावातल्या घराला कुलूप, म्हैस विकली.

जिरायतदार
मराठवाडी का मुऱ्हा? केवढ्याला गेली?

सिस्टर_अंबाजोगाई
हे सगळं पहिल्याच पोस्टमध्ये पाहिजे होतं. माणूस गेला, पाठोपाठ घर, ओटा, म्हैस, शेजारीण, आणि आता दर दोन महिन्यांनी नवी खोली. या वयात नवी जागा अंगवळणी पडायला वेळ लागतो, आणि पडते न पडते तोवर पिशवी भरायची. दुःखानं आणि एकटेपणानं आलेलं नैराश्य म्हाताऱ्या माणसात रडण्यातून दिसेलच असं नाही. भूक जाते, मन लागत नाही, काही विचारलं की "मला काय माहीत बाबा", आणि घरच्यांना वाटतं डोकं गेलं. उपचार मिळाले तर यातलं बरंच भरून येतं.

तरी रक्त तपासाच: बी१२, थायरॉईड, सोडियम, साखर. लघवीही, म्हाताऱ्या बायांत संसर्ग झाला की काही दिवसांत भ्रम होऊ शकतो. माळकरी आहेत का? शाकाहारी माणसात बी१२ कमी सापडणं नेहमीचं. झोपेची गोळी कुणी दिली आहे का? ऐकू नीट येतं का?

धाराशिवचा_बाळू
मी विरोधात. आमच्या वडलांनाही सगळे "आई गेल्याचं दुःख आहे, होतील बरे" म्हणत राहिले. निघाला अल्झायमर. तोवर त्यांनी सह्या कुठं कुठं केल्या होत्या देव जाणे. मनाचं म्हणून लांबवू नका, सरळ न्यूरोकडे जा.

सिस्टर_अंबाजोगाई
लांबवा असं म्हटलंच नाही. उतारवयात पहिल्यांदा आलेलं नैराश्य कधी स्मृतिभ्रंशाची सुरुवातही असते, आणि नैराश्यानं पुढं त्याचा धोका वाढतोही. म्हणून दोन्ही एकदमच तपासायचं. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाची बदलता येण्याजोगी १४ कारणं मांडली, जवळपास ४५ टक्के रुग्णांमागे ती सगळी मिळून असतात. बीपी, शुगरसोबत नैराश्य, एकटेपणा, कमी ऐकू येणं, कमी दिसणं हीसुद्धा त्यात आहेत.

अण्णा_लातूर
परदेशी लोकांना आपली एकत्र कुटुंबपद्धती काय कळणार.

सेलूची_सून
अण्णा, एकत्र कुटुंबात दहा माणसं आणि म्हातारीशी बोलायला एक नाही, असंही बघितलंय.

जालना_एमआयडीसी
बायकोला विचारलं. झोपेची गोळी आहे, मेडिकलवाल्यानं दिलेली, श्राद्धानंतरपासून चालूच. कानाचं मशीन आणलं होतं, आवाज घुमतो म्हणून डब्यात ठेवलंय. माळकरी आहे.
धाकट्याला फोन केला (बऱ्याच दिवसांनी). तिकडंही पहिला आठवडा असाच जातो म्हणे, मग सावरते. शेजारी आमच्या गावची एक बाई आहे, दोघी दुपारभर वाती वळत बसतात. इथं आम्ही दोघं ड्युटीवर, पोरगा क्लासला. टीव्ही चालू ठेवून जातो.

गोदाकाठ
मग पाळी थांबवा. काही महिने एकाच घरी, आणि कोणत्या ते त्यांनाच विचारा. शक्य असेल तर गावातलं घर उघडून महिन्यातून एकदा राहून या. मशीनवाल्याकडे परत जा, आवाज बसवून घ्यावा लागतो. बाथरूमच्या वाटेवर रात्री बारका दिवा.

धाराशिवचा_बाळू
आणि कोऱ्या कागदावर सही घेऊ नका, देऊ नका.

जालना_एमआयडीसी
बरं. पण शनिवारी जायचं कुठं?

सिस्टर_अंबाजोगाई
घाटीत, म्हणजे संभाजीनगरच्या सरकारी दवाखान्यात, मेडिसिन आणि मानसोपचार, दोन्ही आहेत. शनिवारी कोणती ओपीडी असते ते आधी फोन करून विचारा. तोवर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनला १४४१६ वर बोला, फुकट आहे, मराठीत बोलतात. जाताना सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या न्या, मेडिकलवाल्याचीही. धाकट्यालाही न्या, तुम्हाला अर्धंच वर्ष दिसतं. डॉक्टरांशी आईसमोर "ही असं करते" असं बोलू नका, आईलाच बोलू द्या.

जालना_एमआयडीसी
धाकटा येतो म्हणाला, सेलूहून सकाळच्या गाडीनं. झोपेची गोळी आज रात्रीपासून बंद करू का?

सिस्टर_अंबाजोगाई
नको! एकदम तोडली तर घाबरेपणा, भ्रम वाढतो, फिटही येऊ शकते. डॉक्टर सांगतील तशी कमी करायची. रात्री उठल्या की हात धरून न्या, गोळीच्या गुंगीत तोल जातो.