सण मुलाचा, हे मान्य. पण जोडीदाराने ‘बघू’वर किती काळ काढायचा?

चांदणवेल (धागाकर्ती)

लहान मूल असलेल्या माणसाशी नातं जुळलं की सणवार आणि सुट्ट्यांवरून कुरबुरी सुरू होतात. त्याबद्दल माझं एक ठाम मत झालंय. पटणार नाही अशांनीही लिहावं, म्हणून इथे मांडते.

पार्श्वभूमी थोडक्यात. माझ्या जोडीदाराचा घटस्फोट झालाय. त्याला साडेचार वर्षांची मुलगी आहे. ती एका वर्षी सणाला आईकडे, पुढच्या वर्षी बाबाकडे, आणि मोठी सुट्टी निम्मी-निम्मी, असं कागदोपत्री ठरलेलं आहे. मी तिला अधूनमधून भेटते, बाबाची मैत्रीण म्हणून.

सणाचा मुख्य दिवस पूर्णपणे तिचा, यात मला तिळमात्र शंका नाही. या वयात सण म्हणजे तेच घर, तीच माणसं आणि त्याच क्रमाने होणाऱ्या त्याच गोष्टी. आईबाबा वेगळे झाले की त्यातलं बरंच काही आधीच विस्कटलेलं असतं. त्यात नेमकं त्याच दिवशी नवीन माणूस दारात आलं, तर मुलीने काय समजायचं? साधारण २ ते ७ या वयातली मुलं शेजारी-शेजारी घडलेल्या दोन गोष्टींची सरळ गाठ मारतात, हे ज्यां पियाजे या मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिलेलं आहे. ‘ही आली आणि आई आली नाही’ याचं ‘ही आली म्हणून आई आली नाही’ व्हायला वेळ लागत नाही.

त्यामुळे त्या दिवशी बोलावणं आलं नाही याचं मला वाईट वाटत नाही. मला खुपतं ते ‘बघू’. ‘बघू, तिच्या आईचं काय ठरतंय.’ ‘बघू, ऐनवेळी फोन करतो.’ मी माझ्या घरच्यांना काय सांगू? रजेचा अर्ज टाकू की नको? मूल आधी, हे मी मनापासून स्वीकारलंय. पण सगळ्यांचं जुळल्यावर जो वेळ उरेल त्याकडे डोळे लावून बसायचं, हे मी स्वीकारलेलं नाही. माझं मत असं, की मूल असलेल्या माणसाने सणाच्या मागेपुढे एक दिवस जोडीदाराला द्यावा, आगाऊ द्यावा, आणि आजारपण सोडून दुसऱ्या कशासाठी तो हलवू नये. अर्धाच दिवस असला तरी चालेल, पण ठरलेला हवा.

स्पष्टवक्ता

साफ असहमत.

तुम्ही ‘मूल आधी’ म्हणता आणि पुढच्याच वाक्यात तारीख मागता. लहान मुलाच्या घरात तारीख ठरते ती मोडण्यासाठीच. मुलीला ताप येईल, तिची आई गावाला जायचा दिवस बदलेल, आजी-आजोबा अचानक हक्क सांगतील. त्या माणसाने यातलं काय काय अडवायचं?

दुसरं म्हणजे हा नुसता मायेचा प्रश्न नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेचं नववं कलम सांगतं, की पालकांपासून दुरावलेल्या मुलाला, त्याच्या हिताला बाधा येत नसेल तर, दोघांशीही नियमित आणि थेट संबंध ठेवण्याचा हक्क आहे. हक्क मुलाचा आहे. जोडीदाराचा असा कुठलाही हक्क कुठेही लिहिलेला नाही. वर्षभरापूर्वी आयुष्यात आलेल्या माणसाने त्या वेळापत्रकात आपला रकाना मागणं मला आततायी वाटतं. ज्याला पक्की तारीख हवी त्याने मूल नसलेला जोडीदार शोधावा. कठोर वाटेल, पण यात दोघांचंही भलं आहे.

चांदणवेल (धागाकर्ती)

@स्पष्टवक्ता, मुलीच्या वाट्याचा एक तासही मी मागितलेला नाही. कागदावर जे दिवस आईचे आहेत, त्या दिवसांत मुलगी त्याच्याकडे नसतेच. मी त्यातला एक मागतेय. तो दिल्याने त्या नवव्या कलमाला कुठे धक्का लागतो?

आणि ज्या माणसाला मुलीच्या डॉक्टरची, शाळेची, आईकडे पोचवण्याची वेळ मिनिटावर पाळता येते, त्याला तारखा पाळता येत नाहीत हे मला पटत नाही. त्याच्या वहीत सगळ्यांसाठी जागा आहे, फक्त माझं नाव पेन्सिलने लिहिलंय.

एकहाती

मी दुसऱ्या बाजूची. मुलगा सहा वर्षांचा, माझ्याकडे राहतो, सुट्टीत वडिलांकडे जातो. गेलं दीड वर्ष एका चांगल्या माणसाशी नातं आहे आणि हा ‘बघू’ मीही म्हणते. का म्हणते ते सांगते.

माझं वेळापत्रक माझ्या एकटीच्या हातात नाही. कागदावर जे लिहिलंय आणि प्रत्यक्षात जे होतं त्यात खूप अंतर असतं. मुलाला सकाळी न्यायला येणार असं ठरतं, आदल्या रात्री निरोप येतो की संध्याकाळी. मी भांडले तर त्याची झळ मुलाला लागते, म्हणून गप्प बसते. दिलेला शब्द मोडण्यापेक्षा शब्द न दिलेला बरा, असं वाटून तोंडातून ‘बघू’ निघतं.

पण खरी अडचण याच्याही पुढची आहे. मुलगा वडिलांकडे गेला की तो दिवस ‘मोकळा’ आणि म्हणून आपला, असं जोडीदार धरून चालतो. तो दिवस मोकळा नसतो हो. मी मुलाची बॅग भरते. त्याचा कान तुटलेला कापडी ससा कपड्यांच्या घडीत ठेवते. मग तो वर दिसेल असा ठेवते, कारण तळाशी गेला तर रात्री सापडणार नाही आणि मुलगा मागायलाही लाजेल. दार लागतं. सणाचा दिवस असतो, आजूबाजूच्या सगळ्या घरांत मुलांचे आवाज असतात आणि माझ्या घरात नसतो. अशा वेळी कुणी ‘चल, आता आपण दोघं मजा करू’ म्हटलं की मला त्या माणसाचा राग येतो. त्याची काही चूक नसते, तरी येतो.

परतीचा दिवसही असाच. मुलगा येतो तो चिडचिडा, रडवेला, दोन घास खाऊन ताट सरकवणारा. लोक म्हणतात त्या घरी लाडावतात. तसं नाही. एका घरातून दुसऱ्या घरात शिरताना त्याला पुन्हा सगळं जुळवून घ्यावं लागतं. त्या दिवशी घरात तिसरं माणूस मला नकोच असतं.

तेव्हा तारीख मागा, पण कुठली मागताय ते बघून मागा.

चांदणवेल (धागाकर्ती)

@एकहाती, इतकं उघड लिहिलंत, खरंच आभार. परतीचा दिवस मी सोडला. मुलगी जाते तो दिवसही सोडला.

पण एक सांगू? तुम्ही इथे जे लिहिलंत ते त्या माणसाला सांगितलंय का? ‘त्या दिवशी मला एकटीला राहायचंय’ हे उत्तर आहे. ते ऐकून मी माझ्या माणसांत जाईन, माझा सण करेन, मनात काही ठेवणार नाही. ‘बघू’ ऐकून मात्र मी घरी बसते, फोन हातात धरून. तुमचा ‘बघू’ काळजीतून येतो हे आज कळलं. पलीकडच्या माणसाला ते न सांगता कसं कळणार?

दुर्मिळ_वाचक

धागाकर्तीशी सहमत. आणखी एक मुद्दा: दोघांच्या घरच्यांना काय सांगायचं हेही आधीच ठरवा. ‘यंदा तिला आणणार का?’ हा प्रश्न आजी नातीसमोरच विचारते आणि मग सगळं तिथेच बिनसतं.

पायवाट

मला वेगळाच मुद्दा मांडायचाय, आणि तो धागाकर्ती व स्पष्टवक्ता या दोघांच्याही विरोधात जातो.

तुम्ही दोघंही गृहीत धरताय की सण आणि जोडीदार यांना एकमेकांपासून लांब ठेवणं मुलाच्या भल्याचं आहे. किती वर्षं? मुलं बावळट नसतात. बाबाचा फोन वाजला की त्याचा चेहरा बदलतो, हे साडेचार वर्षांच्या मुलीला दिसतं. ‘मैत्रीण’ म्हणून ओळख करून द्यायची, आणि सण आला की ती मैत्रीण गायब. बाकी सगळे मित्र घरी येतात, हीच का येत नाही? यातून मूल एवढंच शिकतं की या बाईबद्दल काहीतरी लपवण्यासारखं आहे.

सावत्र कुटुंबांवर काम करणाऱ्या पॅट्रिशिया पेपरनाव यांनी ‘आतले’ आणि ‘बाहेरचे’ अशी मांडणी केली आहे. आईबाप आणि मूल आतले, नवा जोडीदार कायम बाहेरचा, आणि हे अंतर कमी व्हायला वर्षं जातात. मग ती वर्षं सुरू तरी कधी करायची? थेट सणाच्या दिवशी बोलवा असं मी म्हणत नाही. सणाच्या आधीच्या तयारीत तासभर बोलवा. मुलगी कागद कापत असेल तर शेजारी बसून कागद कापा, जेवायच्या आधी निघा. ना भेटवस्तू, ना फोटो. शिस्त लावायच्या भानगडीत तर पडूच नका, ते काम आईबाबांचं. वेगळा दिवस मागून तुम्ही स्वतःच स्वतःला बाहेर ठेवताय, धागाकर्ती.

दोन_घरं

आता मोठी आहे, पण आईबाबा वेगळे झाले तेव्हा पाच वर्षांची होते. पायवाट यांचा प्रतिसाद वाचून लिहिल्यावाचून राहवेना.

बाबांच्या आयुष्यात एक ताई आल्या. चांगल्या होत्या. पहिल्याच सणाला त्यांनी माझ्यासाठी भलंमोठं बाहुलीघर आणलं, बाबांनी आणलेल्या वस्तूपेक्षा मोठं. सगळ्यांसमोर मला त्यांना मिठी मारायला सांगितलं. मला ते घर अतिशय आवडलं होतं आणि मी ते आईकडे नेऊ शकत नव्हते. नेलं तर आई विचारणार कुणी दिलं. म्हणून त्यातली एक छोटी खुर्ची खिशात घालून नेली. आईने विचारलं तेव्हा सांगितलं, सापडली. त्या वयात मी कुणाची बाजू घेत नव्हते, पण आपण आईशी काहीतरी वाईट केलंय असं मला रात्रभर वाटत राहिलं. तेव्हा भेटवस्तू द्यायचीच असेल तर आधी बाबांना विचारा, छोटी द्या, आणि आभार वसूल करू नका.

पण मला यापेक्षा मोठी गोष्ट सांगायचीय. त्या ताई पुढच्या वर्षीही आल्या. त्यांनी मला वेणी घालायला शिकवलं. त्यानंतरच्या सणाला त्या नव्हत्या. बाबांनी काही सांगितलं नाही, मी विचारलं नाही. त्या कुठे गेल्या, माझ्यावर रागावल्या का, हे मला कित्येक वर्षं कळलं नाही. पॉलीन बॉस नावाच्या संशोधक अशा हरवण्याला ‘संदिग्ध वियोग’ म्हणतात: माणूस जिवंत आहे पण नाही, आणि रडायला निमित्तही नाही.

त्यामुळे पायवाट, ‘लवकर आत घ्या’ म्हणणाऱ्या प्रत्येकाला माझा प्रश्न आहे. नातं तुटलं तर मुलाचा निरोप कोण घेणार, हे आधी ठरवलंय का? नसेल ठरवलं तर कागद कापायलाही बोलवू नका.

पायवाट

@दोन_घरं, तुमचा मुद्दा मनाला लागला. तरी मला वाटतं तुम्हाला दुखवलं ते त्यांच्या येण्याने नव्हे, न सांगता जाण्याने. मोठ्यांनी एक वाक्य बोलायला हवं होतं: ‘आम्ही आता एकत्र नाही, यात तुझा काही दोष नाही.’ ते बोललं गेलं नाही म्हणून माणसांना दारातच थांबवायचं?

दोन_घरं

पाच वर्षांची असताना हा फरक मला कळला नसता. दोन्ही दुखलं.

स्पष्टवक्ता

वरचे प्रतिसाद वाचून माझं मत आणखी पक्कं झालं. एका मुलाभोवती किती मोठी माणसं आपापल्या अपेक्षा घेऊन उभी आहेत बघा. धागाकर्ती, तुम्ही समंजस आहात हे दिसतंय. पण ठरलेल्या दिवशी सकाळी मुलीला ताप आला आणि तिच्या आईने फोन केला, तर तो जाणार. जायलाच हवं. दोनदा असं झालं की तुम्हीच इथे दुसरा धागा काढाल. मग त्या ठरवण्याला काय अर्थ?

चांदणवेल (धागाकर्ती)

तापासाठी गेला तर मीच त्याला गाडीपर्यंत सोडायला जाईन. आजारपण मी पहिल्याच पोस्टमध्ये वगळलंय.

अर्थ काय म्हणाल तर हा: दिवस मोडला तर मोडणाऱ्याने त्याच फोनवर दुसरा दिवस सांगायचा. ‘आज जमत नाही, गुरुवारी संध्याकाळी नक्की.’ एवढं वाक्य बोलायला मुलीच्या वाट्याचं काहीही कमी होत नाही. मला मिनिटं मोजायची नाहीत. मला इतकंच कळायला हवं, की मी त्याच्या विचारात आहे की सगळं संपल्यावर आठवते.

पायवाट यांचं तयारीत बोलावण्याचं मला आवडलं होतं. दोन_घरं यांचं वाचल्यावर मात्र मी यंदा ते करणार नाही. आमचं नातं टिकेल याची मला खात्री वाटते, पण मुलीला त्यात गुंतवण्याइतकी आहे का, हे आधी आम्हा दोघांना बोलावं लागेल. आणि नाहीच टिकलं तर तिला कोण, काय सांगणार, हेही. हा विषय आम्ही आजवर काढलेलाच नाही.

स्पष्टवक्ता

‘त्याच फोनवर दुसरा दिवस’ हे मान्य. आगाऊ तारखेचं अजूनही अमान्य. मुलगी दहा वर्षांची होऊन स्वतः सांगू लागेपर्यंत तरी नाही.

एकहाती

दहा वर्षांची होईपर्यंत? म्हणजे माझ्या माणसाने अजून चार वर्षं ‘बघू’ ऐकायचं? नाही हो. मुलगा शुक्रवारी परत येतोय. शनिवार-रविवार कुणी नको, सोमवारी रात्रीचं जेवण बाहेर, एवढं मी त्याला आताच कळवलं. त्याचं उत्तर आलं, ‘ठीक आहे, सोमवार.’ इतकी वर्षं नुसत्या वेळापत्रकांचे निरोप वाचले, पण असं सरळ उत्तर पहिल्यांदाच मिळालं.