'हाउसु' : काय रुचले, काय खटकले? (अनुभव धागा)

नोबुहिको ओबायाशी यांनी १९७७ साली तोहो कंपनीसाठी बेताच्या खर्चात केलेला 'हाउसु' हा जपानी भयपट पाहून गप्प बसलेला प्रेक्षक मला अद्याप भेटलेला नाही. सात शाळकरी मुली सुट्टीत एकीच्या मावशीकडे राहायला जातात आणि ते घर त्यांना एकेक करून खाते, एवढेच कथानक. आपला अनुभव सविस्तर लिहावा. 'भन्नाट' किंवा 'भंकस' एवढ्यावर भागवू नये, ही विनंती.

रातकिडा
पियानो त्या सातजणींपैकी मेलडीची आधी बोटे खातो, मग तिला सबंध गिळतो, आणि मागे एक सांगाडा आपल्याच नादात नाचत असतो. मी त्या सांगाड्याला हसत होतो आणि त्याच वेळी माझी बोटे नकळत मुठीत गेली होती. ओबायाशींनी आपल्या लहान मुलीला, चिगुमीला, कशाची भीती वाटते हे विचारून यातल्या अनेक कल्पना घेतल्या. पट्ट्यांत अडकणारी बोटे तिचीच आणि विहिरीत गार करायला सोडलेले कलिंगडही तिचेच. त्यामुळे कात्रीने कापून चिकटवल्यासारखी ती ट्रिक फोटोग्राफी मला पैशांच्या चणचणीची खूण वाटत नाही. जाहिरातपटांत मुरलेल्या माणसाला सफाई जमत नव्हती, असे कोण म्हणेल?

उंबरठा
मी अर्धीच सहमत आहे. मुद्दाम केलेले भोंगळ काम आणि निव्वळ भोंगळ काम यांतला फरक काही वेळाने डोळ्यांना कळेनासा होतो. कुंगफू लाथा मारते, मॅक खात सुटते. प्रत्येकीला नावापलीकडे स्वभावच नसल्याने एखादी गेली तरी जीव हळहळत नाही. तोगो मास्तरांच्या ढुंगणाला बादली अडकते, हा विनोद तर शाळेच्या स्नेहसंमेलनातही पडला असता. शिवाय कोवळ्या मुलींच्या उघड्या अंगावर कॅमेरा रेंगाळतो, ते 'काळच तसा होता' म्हणून मला सोडून देता येत नाही.

कानसेन
तीच एक धून इतक्या वेळा वाजते की शेवटी आईने स्वयंपाकघरातून विचारले, "गाणं अडकलंय का रे?" धून सुरेख आहे, हेही कबूल केले पाहिजे.

परवाचा पाहुणा
मावशीचा नियोजित वर युद्धावर गेला तो परतलाच नाही, आणि ती मेल्यावरही त्याची वाट पाहत अविवाहित मुली खात राहिली. तिची हकीकत जुन्या मूकपटासारखी दाखवली आहे आणि मुली त्यावर, जणू थिएटरात बसून, शेरे मारत असतात. अणुबॉम्बचा ढग पाहून एकीला म्हातारीचे केस आठवतात. ओबायाशी हिरोशिमा प्रांतातल्या ओनोमिचीचे, जन्म १९३८चा. हे ठाऊक असलेल्याला तो शेरा गोड लागत नाही. युद्धाची झळ न लागलेल्या पिढीला युद्धाने गिळावे, असे काहीसे त्यांना म्हणायचे असावे. मात्र उडती मुंडकी आणि डोळे चमकवणारे पांढरे मांजर यांच्या गर्दीत हा धागा पहिल्या खेपेस बहुतेकांच्या हातून निसटतो, आणि त्याचा दोष मी प्रेक्षकाला देणार नाही. तो ढग पडद्यावर आणखी क्षणभर थांबला असता, तर पुढची सारी धमाल वेगळी दिसली असती.