एक सेमिस्टर परदेशात शिकून नक्की काय पदरात पडतं?

कोरी_पाटी

नमस्कार. मी अर्थशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या डिपार्टमेंटचा परदेशातल्या एका युनिव्हर्सिटीशी करार आहे, तिसऱ्या वर्षातलं एक सेमिस्टर तिकडे जाऊन करता येतं, फी आपल्याच कॉलेजला भरायची, तिकडे वेगळी ट्यूशन फी नाही. मॅडमनी स्वतःहून विचारलं जातेस का म्हणून, मी विचार करून सांगते म्हटलं, आणि अजून विचारच चालू आहे.

अडचण अशी की नक्की काय मिळणार तेच कळत नाहीये. ज्याला विचारावं तो म्हणतो एक्सपोजर मिळतं, कॉन्फिडन्स येतो, सीव्हीला वजन येतं. पण म्हणजे काय? लेक्चर्स तर आता जगातल्या कुठल्याही युनिव्हर्सिटीची घरबसल्या ऐकता येतात, पेपर्सही मिळतात. शिवाय मी चारचौघांत पटकन बोलणारी नाही, तिकडची भाषा कामापुरती येते, आणि क्रेडिट्स धरले नाहीत तर वर्ष लांबायची भीती आहेच. घरचे जा म्हणतायत पण राहण्या-खाण्याचा खर्च त्यांच्यावरच येणार, मग 'अनुभव मिळेल' एवढ्यावर त्यांना खर्चात पाडणं मला बरोबर वाटत नाही. जे जाऊन आलेत त्यांनी प्लीज स्पष्ट सांगा, अभ्यासात काय फरक पडला आणि एकूणच काय बदललं?

शब्दवेडी

जा गं. का ते सांगते, जरा लांबेल.

लेक्चर्स घरबसल्या मिळतात हे तुझं खरं आहे, पण मला जे मिळालं ते लेक्चरमध्ये नव्हतंच. मी इतिहासाची. तिकडे एक सेमिनार घेतला होता, टेबलाभोवती डझनभर मुलं, दर आठवड्याला नेमून दिलेले पेपर्स वाचून यायचं, प्रोफेसर स्वतः फारसे बोलायचेच नाहीत. पहिल्या तासाला मी पेपरचा मुद्देसूद सारांश काढून गेले आणि त्यांनी आल्या आल्या विचारलं, या लेखकाचं तुम्हाला काय पटलं नाही? मी गप्प, कारण छापून आलेला पेपर आपण नापसंत करू शकतो हेच कधी डोक्यात आलं नव्हतं. शेजारचा मुलगा म्हणाला, याने एका शहराची कागदपत्रं बघितली आणि बोलतोय अख्ख्या देशाबद्दल. त्यावर प्रोफेसर म्हणाले ठीक, मग कुठली कागदपत्रं बघायला हवी होती ते तू सांग. आणि मग तासभर तेच, कुठली कागदपत्रं, ती कुणी जपून ठेवली, कुणाची जपलीच गेली नाहीत. तो तास मला अजून जसाच्या तसा आठवतो.

त्या विषयाला परीक्षा नव्हती, शेवटी एक मोठा निबंध द्यायचा. माझा कच्चा मसुदा परत आला तर मार्जिनमध्ये पेन्सिलीने जागोजागी एकच प्रश्न, 'हे कोण म्हणतंय, तू की लेखक?' त्या एका प्रश्नाने माझं लिहिणं बदललं. परत आल्यावर आपल्या डिपार्टमेंटमध्ये शिकवतात ती एक पद्धत आहे, एकमेव पद्धत नाही, हे दिसायला लागलं. आणि उलटही झालं बरं का. तिकडच्या मुलांना एकच कालखंड अगदी खोल माहीत असायचा पण त्याच्या आगेमागे काय झालं ते नाही, तेव्हा ती मला विचारायला यायची. आपण ज्याला नुसती घोकंपट्टी म्हणत होतो त्याचाही उपयोग आहे हे मला तिकडे जाऊनच कळलं.

बोलायचं म्हणशील तर सगळ्यांसमोर बोलायची गरज पहिल्या दिवसापासून नसते. बहुतेक ठिकाणी प्रोफेसरांचे ऑफिस अवर्स असतात, म्हणजे आठवड्यातला ठरलेला वेळ, दार उघडं असतं, अर्धवट प्रश्न घेऊन गेलं तरी चालतं. परदेशी मुलांना हे माहीत नसतं किंवा संकोच वाटतो म्हणून ती जातच नाहीत. तू जा. एकासमोर बोलायला लागलीस की पुढचं सोपं होतं.

जुना_जाणता

मी एका युनिव्हर्सिटीत एक्सचेंजचं काम बघतो, त्यामुळे क्रेडिट्सबद्दल लिहितो, बाकीचं शब्दवेडी यांनी छान लिहिलंय.

तुझी भीती रास्त आहे आणि जुनी आहे. १९८७ साली युरोपात एरास्मस, म्हणजे मुलांना दुसऱ्या देशात काही काळ शिकायला पाठवायची योजना, सुरू झाली तेव्हा ११ देशांतले ३,२४४ विद्यार्थी गेले होते. तेव्हाही हाच प्रश्न होता की मुलगा तिकडे शिकून आला तर ते धरायचं कसं, आणि त्यासाठीच १९८९ पासून ईसीटीएस नावाची क्रेडिटची पद्धत आधी प्रयोग म्हणून सुरू केली. त्यात पूर्ण वर्षाचे ६० क्रेडिट, म्हणजे सेमिस्टरचे ३०, आणि एक क्रेडिट म्हणजे साधारण २५ ते ३० तासांचं काम, त्यात वर्गाबाहेर घरी बसून केलेला अभ्यासही आला. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेव कारण वेळापत्रकात आठवड्याला चारच तास दिसले की मुलं म्हणतात अरे सोपं आहे आणि अजून दोन विषय घेतात, आणि मग वाचनाच्या ढिगाखाली जातात.

निघायच्या आधी लर्निंग अ‍ॅग्रीमेंट करायचं. तिकडचा कुठला विषय इकडच्या कुठल्या विषयाऐवजी धरणार हे लिहून त्यावर तुझी, आपल्या कॉलेजची आणि तिकडच्या युनिव्हर्सिटीची, तिघांच्या सह्या हव्यात. 'परत आल्यावर बघू' असं कुणी कितीही प्रेमाने सांगितलं तरी ऐकायचं नाही, कारण परत येईपर्यंत सांगणारा माणूस त्या खुर्चीत असेलच असं नाही. तिकडे पोचल्यावर एखादा विषय बदलावा लागतोच, वेळ जुळत नाही किंवा जागा भरलेल्या असतात, तर तो बदलही लगेच लेखी करून घे. आणि ग्रेड कशी बदलून धरणार, का नुसतं पास-नापास, तेही आत्ताच विचार, तुझ्या सीजीपीएवर त्याचा परिणाम होतो.

विषय निवडताना एक सांगेन, सगळेच्या सगळे इकडच्यासारखे शोधू नकोस. क्रेडिट जुळवायला लागतील तेवढे घे, पण एक तरी असा घे जो तुमच्याकडे शिकवतच नाहीत. मुलं जाऊन तेच पुस्तक तेच धडे करून येतात, मला फार वाईट वाटतं.

आडवाट

थोडा वेगळा सूर लावतो. वर जे लिहिलंय ते मिळतं, पण आपोआप मिळत नाही, हे कुणीतरी सांगायला हवं.

मी पूर्ण मास्टर्स बाहेर केलं आणि दर सेमिस्टरला एक्सचेंजची नवी मुलं येताना बघितली. बहुतेक एकाच होस्टेलच्या एकाच मजल्यावर, ओरिएंटेशनच्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप झाला की तोच ग्रुप शेवटपर्यंत, शनिवार-रविवार नवीन शहर, आणि परत जाताना तिकडच्या एकाही माणसाच्या घरी पाऊल टाकलेलं नाही. चांगली मुलं होती, दोष त्यांचा नाही, नवीन जागी आपल्यासारखे लोक शोधणं हे कुणीही करेल. पण मग जे मिळायला हवं ते हुकतं.

यावर अभ्यास झालेत. मॅडक्स आणि गॅलिन्स्की यांनी २००९ साली एक संशोधन छापलं, त्यात लोकांना मेणबत्तीचं कोडं दिलं होतं. मेणबत्ती, काडेपेटी आणि टाचण्यांची डबी, आणि मेण खाली सांडणार नाही अशी मेणबत्ती भिंतीला लावायची. युक्ती अशी की डबी रिकामी करून तीच टाचण्यांनी भिंतीला ठोकायची आणि तिच्यावर मेणबत्ती उभी करायची. जे परदेशात राहिले होते त्यांना ते जास्त सुटलं, पण नुसत्या फिरण्याचा काही संबंध दिसला नाही. पुढे २०१८ मध्ये हाजो अ‍ॅडम आणि इतरांनी दाखवलं की बाहेर राहिलेल्यांना आपण कोण, आपल्याला काय पटतं हे जास्त स्पष्ट असतं, आणि तिथेही किती देश झाले याने फरक पडत नाही, किती काळ राहिलात याने पडतो. म्हणजे दर आठवड्याला नवीन शहर गाठण्यापेक्षा एका जागी रुतून बसलेलं बरं.

म्हणून माझं सांगणं, जमत असेल तर एक ऐवजी दोन सेमिस्टर विचार, आणि नसेल तर पोचल्या पोचल्या अशा एखाद्या गोष्टीत शिर जी एक्सचेंजवाल्यांसाठी नाही. माझ्या ओळखीची एक मुलगी तिकडच्या कॉयरमध्ये गेली, भाषा जेमतेम, पण गाण्याचे शब्द सगळ्यांना सारखेच पाठ करायचे असतात, त्यामुळे तिथे ती पाहुणी नव्हती. सहा महिन्यांत ती फोनवर घरमालकाशी हीटर बंद पडल्याबद्दल भांडायला शिकली. फोनवर का म्हणतोय, तर समोर माणूस असला की हातवारे करून, चेहरा बघून निभावतं. फोनवर फक्त भाषा. ते जमलं की समजायचं आली भाषा.

खर्चाबद्दल, ट्यूशन माफ असली तरी भाडं, विमा, व्हिसा, तिकीट हे सगळं उरतंच, आणि त्यामुळे जाणाऱ्यांत सुस्थितीतली मुलंच जास्त दिसतात. हे मला मनापासून खटकतं. तू डिपार्टमेंटला सरळ विचार प्रवासासाठी काही अनुदान, स्कॉलरशिप आहे का. मागायला लाजू नकोस.

सांजसावली

एकच भर घालते. पहिले काही आठवडे सगळं छान वाटतं आणि मग अचानक काहीच नको होतं. दुकानात साधं काही मागतानाही थकायला होतं, झोप बिघडते. मला वाटलं होतं माझंच काहीतरी बिनसलंय. कालेर्वो ओबर्ग नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाने १९६० च्या एका लेखात कल्चर शॉकचे टप्पे लिहून ठेवलेत, आधी भारावून जाणं, मग चिडचिड, मग हळूहळू सावरणं. ते वाचल्यावर मला फार आधार वाटला होता. त्या काळात परत निघून यायचा निर्णय घेऊ नकोस, आणि तरीही फारच जड वाटलं तर युनिव्हर्सिटीत समुपदेशक असतात, त्यांच्याकडे जा, ती सोय एक्सचेंजच्या मुलांनाही असते का तेवढं आधी बघून ठेव.

कोरी_पाटी

सगळ्यांना खूप खूप थँक्स, एवढं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. शब्दवेडी ताई, तुमचा तो पेन्सिलीचा प्रश्न वाचून मी माझी मागच्या सेमिस्टरची असाइनमेंट उघडून बघितली, आणि खरंच कळत नाहीये त्यात कोण बोलतंय.

तिकडच्या विषयांची यादी काढली. आर्थिक इतिहासाचा एक सेमिनार आहे, आमच्याकडे तो विषयच नाही, आणि लेबर इकॉनॉमिक्सचा एक आहे ज्यात खऱ्या सर्व्हेचा डेटा घेऊन काम करायचं आहे, तो आमच्या ऐच्छिक विषयाऐवजी धरता येईल असं वाटतं. मॅडमना उद्या भेटून हो सांगतेय, आणि अनुदानाचंही विचारते. आडवाट दादा, दोन सेमिस्टर मात्र करारात नाहीत, एकच आहे. जुना_जाणता सर, एक विचारायचं राहिलं, वेबसाइटवर सिलॅबस मागच्या वर्षीचा आहे, पुढच्या वर्षीचा अजून आलेला नाही, तर लर्निंग अ‍ॅग्रीमेंटला तो चालेल का?

जुना_जाणता

बहुतेक ठिकाणी चालतो, सगळे तसंच करतात. फक्त त्या दोन्ही प्रोफेसरना एकेक छोटा मेल टाक, विषय पुढच्या वर्षी नक्की चालणार आहे का आणि एक्सचेंजच्या मुलांना घेतात का, एवढंच. सेमिनारला जागा कमी असतात आणि एखादा प्रोफेसर रजेवर असला की विषय लागतच नाही. उत्तर आलं की ते मेल जपून ठेव, आणि हाताशी तिसरा एक विषय पर्याय म्हणून असू दे, त्याचाही सिलॅबस मॅडमना आत्ताच दाखवून ठेव.