गाणं नाही, लूप खटकतोय

या व्हिज्युअल नॉव्हेलचं (चित्रं आणि संवादांतून गोष्ट सांगणारा गेम) संगीत कंटाळवाणं आहे, बदलूनच टाका, आणि चित्रंही जुळत नाहीत असं वरच्या प्रतिक्रियेत म्हटलंय, त्यातलं संगीताचं काही पटलं नाही. पियानोची ट्यून चांगलीये की, घोळ लूपच्या जोडाचा आहे, म्हणजे ट्यून संपून पुन्हा सुरू होते तिथला. गच्चीवरच्या सीनमध्ये दर वेळी ट्यून संपली की क्षणभर शांतता, मग पुन्हा पहिल्यापासून, मला वाटलं आता समोरची मुलगी काहीतरी भयंकर बोलणार, आणि बोलते काय तर "चहा घेणार?" माझ्या (अर्धवट पडलेल्या) गेममध्येही हेच झालेलं, आठवडाभर कोड तपासत बसलो आणि दोष निघाला फाइलचा. एमपीथ्री बनवताना पुढे-मागे थोडी शांतता चिकटते. ऑग (.ogg) या ऑडिओ फॉरमॅटमध्ये सेव्ह करा, आणि रेनपायमध्ये (असे गेम बनवायचं सॉफ्टवेअर) अमुक सेकंदापासून लूप कर असंही सांगता येतं, म्हणजे इंट्रो परत परत वाजत नाही.

२०१६च्या व्हॅल्हॅला (VA-11 Hall-A) या बारटेंडरच्या गेममध्ये तर शिफ्टआधी ज्यूकबॉक्सवर गाणी आपणच लावतो, त्यामुळे तीच ती ऐकूनही वैताग येत नाही. चित्रांबद्दल मात्र अनुमोदन, बॅकग्राउंड वॉटरकलरसारखं मऊ आणि पात्रांना जाड काळी आउटलाइन, स्टिकर चिकटवल्यासारखी दिसतात. संवाद झकास आहेत, फक्त एका चौकटीत चार-चार ओळी कोंबू नका राव.