‘जनरस टू अ फॉल्ट’ मराठीत कसे लिहावे?

मूळ प्रश्न

एका दिवंगत शिक्षकांवर त्यांच्या जुन्या विद्यार्थ्याने लिहिलेल्या इंग्रजी लेखाचा मी मराठी अनुवाद करीत आहे. त्यात ‘ही वॉज जनरस टू अ फॉल्ट’ असे एक छोटे वाक्य आहे आणि त्याने मला गेला आठवडाभर अडवून धरले आहे. पहिल्या खर्ड्यात मी ‘ते दोष वाटावा इतके उदार होते’ असे लिहिले. सरांच्या मुलीने तो खर्डा वाचला आणि मला विचारले, ‘बाबांच्या उदारपणात तुम्हाला दोष कुठे दिसला?’ इंग्रजीतला हा वाक्प्रचार स्तुतीचाच आहे असे मी तिला समजावले, पण तिचे समाधान झाले नाही, आणि स्वतःचेच वाक्य पुन्हा वाचल्यावर माझेही झाले नाही.

मूळ वाक्य वाचताना कौतुक आणि किंचित काळजी अशा दोन्ही भावना एकदम मनात येतात. मराठीत मात्र ‘दोष’ हा शब्द उच्चारला की तो सगळ्या वाक्यावर पसरतो. ‘अतिशय उदार’ लिहिले तर काळजी नाहीशी होते, ‘अति उदार’ लिहिले तर कौतुक नाहीसे होते. ‘अति’ आणि ‘अतिशय’ या दोन शब्दांत एवढे अंतर आहे हे मला या निमित्ताने प्रथमच जाणवले. या दोहोंच्या मधला शब्द मराठीत आहे का? पुढे त्याच लेखात ‘ऑनेस्ट टू अ फॉल्ट’ असाही प्रयोग आला आहे, तेव्हा उत्तर दोन्हीकडे चालले तर उत्तम.

प्रतिसाद १

मी अनेक वर्षे इंग्रजी शिकवले आहे, म्हणून आधी मूळ वाक्प्रचाराविषयी लिहितो. ‘टू अ फॉल्ट’ हे शब्द नेहमी विशेषणानंतर येतात आणि ते विशेषण जवळजवळ नेहमी गुणवाचक असते. काइंड, लॉयल, मॉडेस्ट, पोलाइट, ऑनेस्ट यांच्यानंतर ते शोभतात. एका विद्यार्थ्याने एकदा ‘लेझी टू अ फॉल्ट’ असे वाक्य लिहिले होते आणि मी ते चूक ठरवल्यावर त्याने कारण विचारले. आळस हा आधीच दोष असल्यामुळे त्याला दोषापर्यंत जाण्यासाठी वाटच उरत नाही, असे उत्तर मी दिले होते आणि आजही मी तेच देईन.

या वाक्प्रचारातला महत्त्वाचा शब्द माझ्या मते ‘फॉल्ट’ नसून ‘टू’ आहे. तो मर्यादा दाखवतो. आपण ‘पोट फुटेस्तोवर खाल्ले’ म्हणतो तेव्हा पोट फुटलेले नसते, फक्त खाण्याची हद्द सांगितलेली असते. तसेच येथेही दोष हा आरोप नाही, गुण कुठवर पोहोचला याची ती खूण आहे. म्हणून ‘दोष’ शब्द सोडून द्यावा आणि त्या गुणाचा भार कोणावर पडला ते सांगावे, असे मी सुचवीन. ‘स्वतःचे नुकसान होईल इतकी ती प्रामाणिक आहे’ किंवा ‘समोरच्याला संकोच वाटावा इतका तो अदबीने वागतो’ ही वाक्ये पाहा. पहिल्यात भार गुणवंतावरच पडतो, दुसऱ्यात समोरच्या माणसावर. इंग्रजी वाक्प्रचार हा तपशील झाकून ठेवतो, मराठी वाक्याला तो उघड करावा लागतो, आणि त्यात मला काही उणे वाटत नाही.

प्रतिसाद २

वरील वाक्ये अर्थाने बिनचूक आहेत, परंतु तो अर्थाचा उलगडा झाला. लेखकाने सहा शब्दांत सांगितलेली गोष्ट अनुवादकाने भाष्य केल्यासारखी सांगू नये. आपल्या भाषेत गुणाच्या अतिरेकाला पौराणिक नावे देण्याची जुनी रीत आहे आणि ती येथे अगदी चपखल बसते. फसवला जाईल इतका साधा माणूस दिसला की आपण त्याला ‘भोळा सांब’ म्हणतो. सांब म्हणजे अंबेसह असलेला शंकर, आणि भस्मासुराला वर देऊन स्वतःच संकटात पडणारा देवही तोच. ‘धर्मराज’ आणि ‘हरिश्चंद्र’ यांचा वापरही तसाच होतो. कवचकुंडले मागणारा कोण आहे आणि ती दिल्याने आपले काय होणार आहे हे ठाऊक असूनही ती देणारा कर्ण तर ‘जनरस टू अ फॉल्ट’ची मूर्तीच आहे.

माझी आजी आपल्या धाकट्या भावाविषयी बोलताना ‘तो म्हणजे भोळा सांब’ असे म्हणत असे. हे म्हणताना तिच्या आवाजात माया असे, थोडी हळहळ असे, आणि त्याच्याविरुद्ध कोणी अवाक्षर काढलेले तिला खपत नसे. प्रश्नकर्तीला हवा असलेला भाव नेमका तोच आहे. ‘दानाच्या बाबतीत सर कर्णच होते’ असे लिहून पाहावे.

प्रतिसाद ३

‘कर्ण’ म्हटले की वाचकाला आधी दानशूरपणा आठवतो आणि त्या दानाची किंमत नंतर, आठवलीच तर. शिवाय व्यक्तिचित्राच्या इंग्रजी लेखकाने न घेतलेली उपमा अनुवादकाने घ्यावी का, हा प्रश्न उरतोच.

मला अडचणीचे मूळ वेगळ्या ठिकाणी दिसते. गुणाने हद्द ओलांडली की मराठी त्याला लगेच दुसरे नाव देते. उदार माणूस उधळा होतो, काटकसरी माणूस कंजूष होतो, स्पष्टवक्ता फटकळ ठरतो, निग्रही हेकट ठरतो, चौकस भोचक ठरतो आणि भोळा भोळसट ठरतो. औदार्य हे उधळेपणा आणि कंजूषपणा यांच्या मधले आहे असे अॅरिस्टॉटलने मांडले होते, आणि आपला शब्दसंग्रह जणू त्याच मोजपट्टीवर आखलेला आहे. उंबरठ्याच्या अलीकडे एक शब्द आणि पलीकडे दुसरा, पण खुद्द उंबरठ्यावर उभ्या असलेल्या माणसासाठी विशेषण नाही. ‘टू अ फॉल्ट’ माणसाला त्या उंबरठ्यावर उभा करते आणि तरीही त्याचे पहिले नाव काढून घेत नाही.

अतिरेक दाखवून मूळ नाव कायम ठेवणारा एकच शब्द मला सुचतो आणि तो म्हणजे ‘फाजील’. आत्मविश्वास फाजील झाला तरी तो आत्मविश्वासच राहतो, लाड फाजील झाले तरी ते लाडच राहतात. मग ‘फाजील उदार’ का म्हणू नये?

प्रतिसाद ४

कृपया असे करू नये. ‘फाजील’ हा शब्द मराठीत निव्वळ निंदेचा आहे. सरांच्या मुलीला ‘दोष’ खटकला, तिला ‘फाजील’ त्याहून अधिक खटकेल. शिवाय मराठी वाक्यातली अडचण सोडवण्यासाठी परभाषेतला शब्द कशाला शोधावा, हेही मला समजत नाही. ‘अवाजवी’ हा आपला सरळ शब्द असताना ‘फाजील’ची गरज नाही. तोही कठोर वाटत असेल तर ‘मात्रेहून अधिक’ असे लिहिता येईल.

प्रतिसाद ५

‘अवाजवी’तला ‘वाजवी’ अरबी ‘वाजिब’वरून आला आहे, त्यामुळे एक परका शब्द काढून त्याच्या जागी दुसरा परकाच शब्द बसवला जाईल, एवढे नम्रपणे नोंदवतो. ‘अ’ हा उपसर्ग लावल्याने त्याला संस्कृत रूप आले, त्यामुळे तो घरचा वाटतो इतकेच.

‘फाजील’विषयी मात्र सविस्तर लिहिले पाहिजे, कारण या चर्चेला त्याच्याइतका जवळचा शब्द दुसरा नाही. अरबीत ज्या धातूपासून तो आला आहे, त्याच धातूपासून ‘शिल्लक, जास्तीचे’ आणि ‘श्रेष्ठत्व, सद्गुण’ या दोन्ही अर्थांचे शब्द झाले आहेत. ‘फजल’ म्हणजे कृपा, ‘अफजल’ म्हणजे अधिक श्रेष्ठ, ‘फजीलत’ म्हणजे थोरवी, आणि ‘आलिम-फाजिल’ म्हणजे मोठा विद्वान. ‘फिजूल’ हा वायफळपणाचा शब्दही त्याच घरातला आहे. इतरांहून जे अधिक ते श्रेष्ठ, आणि गरजेहून जे अधिक ते वायफळ, असे एकाच मुळाला दोन फाटे फुटले आहेत. मराठीत हा शब्द जमाखर्चाच्या वाटेने रुळला, तेथे ‘बाकी’ आणि ‘फाजील’ ही शेजारशेजारची खाती होती, आणि त्यामुळे त्यातला सद्गुणाचा अर्धा भाग मागे राहून गेला असावा, असे माझे मत आहे. गुण आणि अतिरेक एका शब्दात नांदू शकतात याचा इतका स्पष्ट दाखला समोर असताना त्याला केवळ परका म्हणून बाजूला सारणे मला पटत नाही.

‘फॉल्ट’चेही असेच काहीसे आहे. तो फ्रेंचमार्गे लॅटिनमधून आला आणि त्याचा जुना अर्थ ‘कमी पडणे, उणीव’ असा आहे. ‘फेल’ हा त्याचाच नातलग. म्हणजे इंग्रजीने जास्तीची हद्द दाखवायला कमतरतेचा शब्द वापरला आहे.

प्रतिसाद ४ चे उत्तर

‘वाजवी’विषयीची दुरुस्ती मी मान्य करतो. शब्दाचे कूळ न तपासता त्याला घरचा म्हटले, ही माझी चूक झाली. मुद्दा मात्र मागे घेत नाही. फारसीचे ज्ञान असणे आणि मराठीत फारसी शब्दांचा आग्रह धरणे या वेगळ्या गोष्टी आहेत. १९२५ साली फारसी-मराठी कोश सिद्ध करणारे माधव जूलियन पुढे भाषाशुद्धीचेच पुरस्कर्ते झाले, हे येथे आठवण्याजोगे आहे. शब्दाच्या मूळ घरी त्याचे किती अर्थ होते याने आजच्या वाचकाला काही फरक पडत नाही. त्याच्या कानांना ‘फाजील’ म्हणजे नको ते, एवढेच ऐकू येते.

आणि उंबरठ्यावरचा भाव आपल्याकडे नाही असे म्हणणेही योग्य नव्हे. गुणाला दोष आणि दोषाला गुण कल्पून बोलणे याला संस्कृत साहित्यशास्त्रात ‘लेश’ नावाचा स्वतंत्र अलंकार आहे. सोळाव्या शतकातल्या अप्पय्य दीक्षितांनी त्याचे जे उदाहरण दिले आहे त्याचा आशय असा, की इतर सर्व पक्षी मनसोक्त विहरत आहेत, परंतु पोपटा, तुला पिंजरा मिळाला तो तुझ्या गोड वाणीमुळे. पोपटाच्या वाणीची स्तुती यापेक्षा अधिक कोणती होईल? आणि पिंजऱ्याचे दुःखही त्यात पुरेपूर आहे. ‘अतिदानामुळे बळी बांधला गेला’ हे सुभाषितातले वचन शब्दांनी याच्या जवळचे आहे, पण त्याचा शेवट ‘अति सर्वत्र वर्जयेत्’ या उपदेशात होतो आणि कौतुक तेथे संपते. लेशात उपदेश नसतो. प्रश्नकर्तीने वाक्याची घडण पोपटाच्या उदाहरणासारखी करावी, म्हणजे गुण सांगून लगेच त्याचे फळ सांगावे, आणि विशेषणाच्या मागे लागू नये.

प्रतिसाद १ कडून पुन्हा

हे तर मी आरंभी सुचवलेल्या वाक्यांच्या फार जवळ आले. ‘स्वतःचे नुकसान होईल इतकी प्रामाणिक’ यातही गुण आणि त्याचे फळच आहे. फरक इतकाच, की माझ्या वाक्यात फळ आधी येते आणि गुण नंतर, त्यामुळे वाक्य गुणावर थांबते. स्तुतिपर लेखात शेवटचा शब्द गुणाचा असावा, असे मला वाटते. पोपटाच्या श्लोकाचा शेवटही फळावर होत असला, तरी ते फळ ज्याचे आहे ती गोड वाणी त्याच्या अगदी लगत आहे.

प्रतिसाद २ कडून पुन्हा

आजीच्या वाक्यात फळ अजिबात नव्हते, तरी तिथे बसलेल्या प्रत्येकाला ते कळत असे. सगळे उघड करून सांगणे ही अनुवादकांची सवय आहे, बोलणाऱ्यांची नाही.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. ‘फाजील’चे कूळ वाचून मला फार आनंद झाला, पण तो शब्द सरांसाठी वापरण्याचे धैर्य माझ्यात नाही. बऱ्याच खाडाखोडीनंतर मी ‘सरांचा हात नको तितका सढळ होता’ असे वाक्य लिहिले आणि ते त्यांच्या मुलीला वाचून दाखवले. ती थोडा वेळ काही बोलली नाही आणि मग म्हणाली, की आई अगदी असेच म्हणत असे. त्यामुळे हे वाक्य आता मी बदलणार नाही. ‘नको तितका’मध्ये तक्रार आहे, परंतु ती घरच्या माणसाने केलेली आहे, आणि ‘सढळ’ हा शब्द कौतुक धरून ठेवतो. ‘ऑनेस्ट टू अ फॉल्ट’ मात्र तसेच राहिले आहे. ‘नको तितके प्रामाणिक’ असे लिहून पाहिले, तर प्रामाणिकपणाच नको होता असा अर्थ होऊ लागतो. औदार्याला ‘हात’ होता, प्रामाणिकपणाला तसा कोणता अवयव द्यावा?

प्रतिसाद ५ कडून पुन्हा

‘सढळ’ची निवड उत्तम झाली आहे, आणि त्याची जन्मकथाही या प्रश्नाला साजेशी आहे. संस्कृत ‘शिथिल’पासून प्राकृतात ‘सढिल’ झाले आणि त्यावरून मराठीत ‘सढळ’ आले. ‘ढिला’ या शब्दाचे नातेही ‘शिथिल’शीच जोडले जाते. सैल सुटलेली मूठ देण्यासाठी उघडली तर ती सढळ, आणि कामात सैल पडली तर माणूस ढिला. म्हणजे प्रतिसाद ३ मध्ये ज्या उंबरठ्याचा उल्लेख आला आहे, त्याच्या दोन्ही बाजूंना येथे एकाच घराण्यातले शब्द उभे आहेत.

प्रतिसाद ३ कडून पुन्हा

याचा अर्थ ‘सढळ’ हा मुळात दोषाकडून गुणाकडे आलेला शब्द आहे, म्हणजे त्याचा प्रवास ‘टू अ फॉल्ट’च्या अगदी उलट दिशेने झाला. पण मग तो ‘हाता’शीच बांधलेला का राहिला? ‘सढळ जिभेचा’ असा प्रयोग मी एका ज्येष्ठ नातेवाइकांच्या तोंडून ऐकला आहे, आणि तेव्हा तो मनमोकळ्या माणसाविषयी होता की वाचाळ माणसाविषयी, हे मला आजही नीट सांगता येत नाही. हा प्रयोग आणखी कोणी ऐकला असेल तर कोणत्या अर्थाने ऐकला, ते कृपया लिहावे.