साहेब आले, मोलकरीण आली

उंबरा (धागाकर्ता)

परवा एका प्रतिसादात 'सांडशी' यांनी ठोकून दिलं की मराठी कथेतला वर्गभेद संपला. वाडे पडले, चाळींच्या जागी टॉवर आले, मोलकरणीच्या हातात स्मार्टफोन आला, तेव्हा वर्ग-वर्ग करणाऱ्यांनी आता दुसरा उद्योग शोधावा. तिथेच उत्तर लिहायला बसलो, ते लांबलं, म्हणून हा वेगळा धागा.

वर्ग वाड्याच्या भिंतीत होता कधी? तो क्रियापदात आहे. कुठलीही बरी कथा उघडा. "साहेब आले. मोलकरीण चहा घेऊन आली." हे एखादं पात्र बोलत असतं तर गोष्ट वेगळी, इथे निवेदक बोलतोय. त्याला साहेबाकडून पगारवाढ नको आहे, बदली नको आहे. तरी साहेबाला बहुवचन आणि मोलकरणीला एकवचन! डॉक्टर आले, कंपाउंडर आला. वकील हसले, कारकून हसला. वयाचा मान म्हणाल, तर वॉचमन साठीचा आणि इन्स्पेक्टर तिशीचा असला तरी 'ते' इन्स्पेक्टरच असतात.

नावांचंही तेच. रामा, रामभाऊ, रामराव ही एकाच नावाची तीन मजली इमारत आहे आणि कुठलं पात्र कितव्या मजल्यावर राहतं ते लेखकाने पहिल्याच ओळीत ठरवलेलं असतं. तळघरात राम्या.

आणि ही दरी आजची नाही. 'गोलपिठा' या कवितासंग्रहाच्या प्रस्तावनेत नाटककार विजय तेंडुलकर कबूल करतात की त्यातले कितीतरी शब्द आपल्याला ठाऊक नव्हते. त्याचा कवी नामदेव ढसाळ ज्या वस्तीतून लिहितो ती वस्ती त्याच मुंबईत होती. शहर एक, लिपी एक, पण शब्दकोश वेगळे.

एक विनंती. "आमच्याकडच्या मावशी अगदी घरच्यासारख्या आहेत" हा किस्सा कुणीही सांगू नये. सगळ्यांकडच्या तशाच असतात.

सांडशी

माझं नाव घेऊन धागा काढलात, आभार. आता व्याकरण.

एकेरी म्हणजे तुच्छता हे तुमचं गृहीतक पहिल्याच पायरीवर कोसळतं. विठोबा विटेवर उभा आहे, 'आहेत' नाही. आई आली. शेक्सपिअर म्हणतो. सचिनने शतक ठोकलं. यातलं कोण खालच्या वर्गातलं आहे? एकेरी जवळिकीचं असतं, भक्तीचं असतं, लांबच्या परदेशी माणसाचंही असतं. तुम्ही सोयीचं तेवढं उचललंत.

दुसरं, हे हत्यार आहे, आणि लिहिणाऱ्याला ते लागतं. एका खोलीत दोन पुरुष बोलत आहेत. "इन्स्पेक्टरांनी हवालदाराकडे पाहिलं. ते गप्प होते, तो बोलत होता." कोण गप्प, कोण बोलतंय, नाव पुन्हा न घेता कळलं. इंग्रजीतून अनुवाद करणाऱ्याला विचारा, दोघंही 'तो' झाले की दर ओळीला नावं पेरावी लागतात. भाषेने दिलेली सोय वापरली म्हणून लेखक सरंजामी ठरतो का?

उंबरा

सोय मान्य. पण ती उलटीही चालते ना? "इन्स्पेक्टर गप्प होता, हवालदार बोलत होते." कोण गप्प ते इथेही कळतंच. मग शंभरातल्या शंभर वेळा 'ते' इन्स्पेक्टरच्याच वाट्याला का जातं?

आणि आई-वडिलांचं उदाहरण तुम्ही अर्धंच दिलंत. आई आली, पण वडील आले. एकाच घरात, एकाच उंबऱ्यावर. आईला जवळीक आणि वडिलांना मान, ही वाटणी कुणी केली? माझाच मुद्दा तुम्ही घरात नेऊन सिद्ध केलात. राहिला विठोबा. निवेदकाची हमालाशी विठोबाइतकी जवळीक असेल तर मी धागा मागे घेतो.

मुद्रणदोष

दोघांनीही प्रत्यक्ष हस्तलिखित हाताळलेलं दिसत नाही. हा बदल करायला घेतला की काय होतं ते सांगतो.

लेखक किंवा संपादक ठरवतो की मोलकरणीलाही मान द्यायचा. पहिली अडचण नामाचीच. 'साहेब' एकवचनात आणि अनेकवचनात सारखाच राहतो, म्हणून 'साहेब आले' चालतं. 'मोलकरीण' राहत नाही. 'मोलकरणी आल्या' म्हटलं की दारात चार-पाच बायका उभ्या राहतात. म्हणजे नामच बदलावं लागतं : सखुबाई आल्या, मावशी आल्या. 'ड्रायव्हर आले' इथे किती ड्रायव्हर ते कळत नाही, म्हणून 'काका' येतात. ज्या व्यवसायांची नावं आदरार्थी रूप पेलत नाहीत, त्यांच्या वाट्याला नातं येतं. ऑफिसातल्या वरिष्ठ बाईंना कुणी मावशी म्हणत नाही, त्या मॅडम.

दुसरी अडचण, क्रियापद बदलतं आणि विभक्ती विसरते. "सखुबाई आल्या. तिने भांडी घासली." ही चूक मुद्रितात सर्रास सापडते. आल्या-घासल्या शोधायचे, ते सापडतात. तिने-तिला-तिचा राहून जातात. संगणकावर 'ती'च्या जागी 'त्या' एकगठ्ठा घातलं की 'तीन'चं 'त्यान' आणि 'शेती'चं 'शेत्या' होतं, वर 'ती खोली' आणि 'ती गोष्ट' यांनाही मान मिळतो. म्हणून हाताने करायचं. आधी पात्रांची यादी, प्रत्येकापुढे तीन रकाने : निवेदक काय म्हणतो, इतर पात्रं काय म्हणतात, सामान्यरूप काय. मग एका वेळी एकच पात्र घेऊन पहिल्या पानापासून शेवटपर्यंत जायचं. दोन पात्रं एकदम घेतली की घोटाळा ठरलेला.

संवादांना हात लावायचा नाही. मालकीणबाई 'ए सखू' म्हणत असतील तर म्हणू द्यात. निवेदक सुधारला म्हणून पात्रं सुधारत नाहीत.

वर्तमानपत्रांचा नमुना याहून बोलका आहे. "अभियंत्याला अटक", पण "मंत्र्यांना अटक". गुन्हा तोच असला तरी प्रत्यय वेगळा.

सांडशी

शेवटचं वाक्य सोडून सगळं पटलं. शेवटचंही पटलं, पण ते 'उंबरा' यांच्या खात्यात जमा करू नका.

खतावणी

तुमचं व्याकरण चालू द्या. पण 'वर्ग' हा शब्द इथे इतक्या निर्धास्तपणे फिरतोय, त्याचं काय? मराठी साहित्यात वर्ग म्हणणं म्हणजे जातीवर पांघरूण घालणं. १८८५ साली मराठी ग्रंथकार सभेचं निमंत्रण आलं तेव्हा जोतीराव फुल्यांनी 'घालमोड्या दादांच्या' सभेला येत नाही असं पत्र पाठवलं. ते काही त्या मंडळींच्या उत्पन्नावर बोलत नव्हते, जातीवर बोलत होते.

बाबुराव बागुलांची १९६३ ची कथा घ्या, 'जेव्हा मी जात चोरली होती'. नायकाला रेल्वेत नोकरी आहे, पगार आहे. वर्ग म्हणून तो वर चढलेला आहे. खोली मिळवायला मात्र जात लपवावी लागते आणि कळल्यावर मार खावा लागतो. पगाराने त्याचं काय केलं? तुमचा 'आले-आली'चा हिशेब इथे कुठल्या रकान्यात बसतो?

उंबरा

बसतो. पत म्हणजे पैसा नव्हे हेच तर मी म्हणतोय. जर्मन समाजशास्त्रज्ञ वेबरने वर्ग आणि दर्जा वेगळे काढले ते याचसाठी. बाजारातली ताकद एकीकडे, समाजात मिळणारा मान दुसरीकडे. बागुलांच्या नायकाकडे पहिली आहे, दुसरा नाही.

खतावणी

वेबर कशाला मध्ये? बागूल पुरत नाहीत का? आपल्या लेखकाने जे अंगावर झेललं त्याला जर्मन दाखला मिळाला की मगच ते विचार ठरतं. ही सवय कुठल्या वर्गाची, ते सांगा आधी.

उंबरा

ही मात्र निव्वळ कुरापत आहे.

खतावणी

असेल. उत्तर द्या.

काहून

भांडण थांबवा थोडं, मला मालिकांबद्दल बोलायचं आहे. मालिकेतली कामवाली कुठल्या गावची असते हो? घर नागपुरात दाखवा, नाशकात दाखवा, ठाण्यात दाखवा, ती आपली "आवं ताईसाब, लई ब्येस झालं बगा". सातारा-कोल्हापूरकडचे चार शब्द गोळा केले की झाली गरीब बाईची भाषा. 'काय करतोस' एवढंच घ्या. साताऱ्याकडे 'काय करतुयास', मराठवाड्यात 'काय करायलास', वऱ्हाडात 'काय करून रायला', मालवणीत 'काय करतंस', अहिराणीत 'काय करी ऱ्हायना'. पाच प्रदेश, पाच क्रियापदं. पडद्यावर एकच.

सांडशी

मालिका साहित्य नाही.

काहून

पुस्तकात वेगळं काय घडतं? कृती ठरलेली आहे. आधी संवाद प्रमाण मराठीत लिहायचा. मग सगळे 'ण' काढून 'न' करायचे : पानी, लोनी, कोन. 'नाही'चं 'न्हाई', 'होतं'चं 'व्हतं'. मध्ये मध्ये 'लई' पेरायचं. वाक्याची घडण तशीच शहरी, जोडवाक्यं तशीच, विभक्ती तशाच. वऱ्हाडी माणूस 'मला' म्हणत नाही, 'मले' म्हणतो. 'डोळा' म्हणत नाही, 'डोया' म्हणतो. मालवणी 'माका'. बोली आहे ती प्रत्ययात, क्रियापदाच्या शेपटीत. तिथे हात घालायचा तर बोली यावी लागते. 'ण'चा 'न' करायला काहीच यावं लागत नाही.

उद्धव शेळक्यांची 'धग' ही कादंबरी १९६० ची. त्यात नायिका कौतिक आणि बाकीचे लोक जे बोलतात ते वऱ्हाडीच आहे, 'ग्रामीण' नाही. म्हणजे करता येतं. करायचं नसतं, एवढंच.

मुद्रणदोष

यात एक भर. गरीब पात्राचे उच्चार जसेच्या तसे छापले जातात, शिकलेल्याचे नाही. शहरातला प्राध्यापक बोलताना 'म्हणजे' म्हणत नाही, 'मंजे' म्हणतो. 'पाहिजे'चं 'पायजे', 'नाही'चं 'नै', 'काय आहे'चं 'काये'. छापताना मात्र त्याच्या तोंडी स्वच्छ 'म्हणजे, पाहिजे, नाही'. हमालाचं 'पायजे' 'पायजे'च राहतं. उच्चार एकच असताना एकाला शुद्धलेखन मिळतं आणि दुसऱ्याला ध्वनिमुद्रण.

१९६२ च्या लेखननियमांत 'असे केले' याच्या जोडीला बोलण्यातलं 'असं केलं' आलं. तेही बोलीच होतं, पण ज्यांची बोली होती त्यांच्यासाठी नियम झाला. 'आसं क्येलं' म्हणणाऱ्यांसाठी झाला नाही.

उंबरा

हे मी मूळ धाग्यात लिहायला हवं होतं.

सांडशी

हवं होतं. तुमच्या क्रियापदांपेक्षा हा पुरावा कितीतरी भक्कम आहे. सातारी कामवालीचा मुद्दा मला मान्य, 'पायजे'चा तर शंभर टक्के. पण मग उपाय काय? प्राध्यापकाच्या तोंडी 'मंजे' आणि 'नै' छापलं तर पहिल्याच पानावर तो विनोदी पात्र होतो. वाचकाचा डोळाच तसा घडलाय. लेखकाने एकट्याने करायचं काय?

काहून

निवेदनच बोलीत करायचं. आनंद यादवांनी 'गोतावळा'त १९७१ मध्ये ते करून दाखवलं. सांगणारा नारबा, शेतावरचा गडी, आणि कादंबरी पहिल्यापासून शेवटपर्यंत त्याच्या भाषेत. अवतरणचिन्हांच्या आत बोली आणि बाहेर प्रमाण, ही भिंतच काढून टाकली. आत बोली असली की वाचक ती 'ऐकतो', गंमत म्हणून. बाहेर आली की त्याला तिच्यातून विचार करावा लागतो. पहिली वीस पानं जड जातात, मग जात नाहीत.

सांडशी

वीस पानं थांबणारा वाचक आणा. मग बोलू.

खतावणी

तेंडुलकर थांबले होते की. न कळलेले शब्द विचारले आणि तसं छापूनही टाकलं. प्रस्तावनाकाराला जमतं ते वाचकाला का जमू नये?

आणि ते नाव निघालंच आहे तर 'उंबरा' यांना एक विचारायचं आहे. मूळ धागा पुन्हा वाचा. तेंडुलकर 'कबूल करतात'. पुढच्याच वाक्यात ढसाळ 'लिहितो'.

उंबरा

कवीला एकेरी म्हणायचा प्रघात आहे. 'तुका म्हणे'पासूनचा.

खतावणी

तिथे तुकोबा स्वतःलाच एकेरी म्हणतात. बरं, मर्ढेकर?

उंबरा

मर्ढेकर... लिहितात.

सांडशी

मुद्रणदोष, पात्रांची यादी घ्या करायला. तीन रकाने.

उंबरा

वेबरलाही मी एकेरी म्हटलंय.

खतावणी

तो परदेशी. 'सांडशी' यांनी वर सूट दिलीच आहे. ढसाळांना कुठल्या खात्यातून देताय?

उंबरा

दुरुस्त करायला गेलो होतो, पण संपादनाची मुदत संपलीय. राहू दे तसंच, दिसू दे.

मुद्रणदोष

'लिहितो'चं 'लिहितात' केलंत तरी चुकलं नसतं. त्या वाक्यात ढसाळांना विभक्ती लागलेली नाही, एका शब्दाचं काम होतं.